चेंडूतल्या हवेचा खटला

मोलेफी : …म्हणून म्हणतो मोरेना, गावच्या प्रमुख तुम्ही, न्याय तुम्हीच करा. शनिवारी चुलीपाशी बसून मी स्वतः चेंडूत हवा भरली. दगडासारखा टणक होता. रविवारी सकाळी मैदानात पाहतो तर मऊ. माझी पेनल्टी गोलच्या रेषेवर जाऊन बसली, आम्ही हरलो. हवा या म्हाताऱ्यानं चोरली.

मासेचाबा : चोरून ठेवली कुठे?

मोलेफी : घराची झडती घ्या की.

मासेचाबा : खाउता, बावीस वर्षं गावाचा चेंडू तुम्ही सांभाळताय. बोला.

खाउता : शिट्टी होईपर्यंत चेंडू माझ्या घोंगडीत, पोटाशी असायचा. यंदा या कप्तानाचा हुकूम झाला, पाहुण्या संघाला संशय नको, पहाटेपासून मैदानाच्या मधोमध ठेवा. ठेवला, हिमावर.

मोलेफी : हिम काय हवा पितं?

खाउता : ते मला माहीत नाही. पण चेंडू काढून घेतलात, तर या गावात मला कोण विचारील, मोरेना?

मासेचाबा : थांबा. मुद्देमाल काल दुपारपासून माझ्या शेगडीपाशी आहे. हा घ्या. अगंबाई, हा तर टणक झालाय.

मोलेफी : बघा. पकडला जाईन म्हणून गुपचूप परत भरली.

मासेचाबा : मी तिथंच शेगडीपाशी, उशाशी घेऊन झोपले होते रे.

मोलेफी : मग तुम्हीसुद्धा… नाही, काही नाही.

खाउता : बाहेर दगडावर ठेवा, मोरेना. कोणी हात लावायचा नाही.

(चेंडू बाहेर थंडीत. तिघं दारातून नजर ठेवून ज्वारीची आंबील संपवतात.)

मासेचाबा : दाबून बघ, मोलेफी.

मोलेफी : …मऊ आहे.

मासेचाबा : चोर कोण?

मोलेफी : तुमचा दगड.

मासेचाबा : हवा आत आहे तेवढीच आहे, गाढवा. थंडीत अंग आखडून बसते, उबेला पाय पसरते. निकाल ऐक. चेंडू खाउतांकडेच राहील. आणि खोटा आळ घेतलास म्हणून तुझी घोंगडी त्यांना दे.

मोलेफी : लग्नातली आहे, मोरेना. घरी दोन डोंगर चढून जायचंय, मी काय पांघरू?

खाउता : चल माझ्याबरोबर. घोंगडी मोठी आहे. थंडीत तू, मी आणि चेंडू, तिघंही मावू.