इटालियन शिवी नक्की कुणाला?

नाही, पण शिवी कुणाला दिली, एवढं तरी माणसाला कळायला नको? तुम्हाला सांगतो, आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, तिथं इटलीहून नवीन मशीन आलं आणि ते बसवायला एक इटालियन फिटर आला, हा असा ताडमाड, आणि पहिल्या दिवसापासून मशीनमध्ये डोकं घालून त्याचं आपलं सुरू… "स्तुपिदा! क्रेतीना!" मशीन अडलं की पाचही बोटं जुळवून हात हवेत! आणि समोर उभा कोण? मी! ऑपरेटर!

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. "हा आपल्याला शिव्या देतोय रे. तू छडा लाव. खरं निघालं तर त्याच्या कंपनीला पत्रच टाकतो. बघू नोकरी कशी राहते त्याची!"

आता आली का पंचाईत! एका माणसाची नोकरी माझ्या हातात, आणि मला इटालियन किती येतं? शून्य!

बसलो मग जेवणाच्या सुट्टीत फोन घेऊन, आणि काय सांगू, गोडीच लागली हो! 'शेमो' म्हणजे बावळट. 'क्रेतीनो' म्हणजे मूर्ख. 'तेस्ता दि रापा' म्हणजे सलगमाचं डोकं, आपला मठ्ठ! 'आझिनो' म्हणजे गाढव… बिचारं तिकडेही सुटलं नाही! आणि 'रोंपिस्कातोले' म्हणजे, शब्दशः, खोकी फोडणारा! मी हादरलोच, आमचा धंदाच खोक्यांचा! तर अर्थ काय? दुसऱ्याचं डोकं खाणारा. गोंद लावणाऱ्या काकू शेजारीच होत्या, म्हणाल्या, "म्हणजे तूच की रे!"

ते असू दे, पण शिवी कुणाला, ते कळायला नको? तर पुढं वाचतो तो काय… पुरुषाला द्यायची तर शेवटी 'ओ', बाईला द्यायची तर 'आ'! आणि हा दिवसभर काय म्हणतो? क्रेतीना! स्तुपिदा! आणि त्या खात्यात बाई कोण? एकट्या काकू!

काकू उसळल्या. "मला? मी काय घोडं मारलंय त्याचं?"

गेलो तडक त्याच्याकडे. काकूंकडे बोट दाखवून विचारलं, "क्रेतीना?" माणूस पांढराफटक! "नो, नो, नो!" म्हणत त्यानं मशीनवर दाणकन थाप मारली. "माक्किना!" अहो, त्यांच्याकडे मशीन बाई असते! पठ्ठ्या मशीनला शिव्या घालत होता!

साहेबांनी लिहून तयार ठेवलेलं पत्र फाडलं. आठवड्याभरात मशीन सुरळीत झालं.

निघायच्या दिवशी सगळे फाटकापाशी जमलो. त्याला पत्राचं कुठून तरी कळलं असावं. त्यानं माझे दोन्ही हात धरले, डोळे भरलेले, आणि म्हणाला, "सेई इन गाम्बा!" आता 'गाम्बा' म्हणजे पाय, एवढं मला येत होतं. म्हटलं, जाता जाता माझ्या पायांवरून बोलतोस? या खेपेला कुणाला ते विचारायची गरजच नव्हती! मी खणखणीत आवाजात म्हणालो, "क्रेतीनो!"

चेहरा पडला हो त्याचा. बॅग उचलली आणि गाडीत जाऊन बसला.

मग फोनवर बघितलं. 'इन गाम्बा' म्हणजे हुशार, भरवशाचा माणूस. एवढ्या शिव्या शिकलो, पण कौतुक कसं करतात ते कुठं वाचलं होतं मी?

आणि साहेब! माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "वा! काय फाडफाड इटालियन बोलतोस रे!"