मास्तरले उडनं शिकवलं त्याची गोष्ट

...नाही, पन मले एक सांगा, ज्या मानसाले सोताले स्टुलावरून उतरता येत नाही, तो पोपटाले उडनं शिकवन कसा? कसा शिकवन हो?

तुम्हाले सांगतो, मेहकरात आमच्या भिंतीले भिंत लागून गुलाबरावचं घर. यष्टीतला रिटायर ड्रायव्हर. उन्हाळ्यात वादळ सुटलं, आंगनातल्या कडूलिंबाची फांदी मोडली, आन् ढोलीतून पोपटाचं पिल्लू खाली! ना पंख ना रूप, नुसती चोच आन् भोंगा! ज्या गुलाबरावनं सोताच्या पोरीले कधी घास भरवला नाही, तो दर दोन तासानं चमच्यानं भिजल्या डाळीचा लगदा भरवून राह्यला! नाव ठेवलं मास्तर. यष्टीत ड्रायव्हर कंडक्टरले मास्तर म्हनते ना... तीस वर्षाची सवय, जाईन कशी?

दीड महिन्यात पंख फुटले, तेवढ्यात बुलढान्याहून पोरीचा, योगिनीचा फोन. "बाबा, पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे. उडायला लागला की सोडून द्यायचा."

गुलाबरावचं तोंड एवढंसं झालं. "सोडतो ना! पयले उडता तर आलं पायजे त्याले!"

झालं! दुसऱ्या दिवशी नुसत्या बनेनवर, स्टुलावर उभा राहून दोन्ही हात फडफड फडफड! "असे! असे कर! पाह्य माह्याकडं!" मास्तरनं मान वाकडी करून पाह्यलं, खाटेच्या पायावरून खाली उतरला, आन् सैपाकघरात गेला. पायी! त्याची बायको वच्छलाबाई आतून वरडली, "अवो, तुमचा पोपट चालत आला भाजीले!"

तिसऱ्या दिवशी गुलाबरावचा खांदा धरला. डॉक्टर म्हने, "काय उचललं होतं?" हा म्हने, "काही नाही, उडत होतो."

आता सांगा, असा मानूस पोपटाले उडनं शिकवन कसा?

पन शिकवलं हो! हातात हिरवी मिरची धरली, ताटलीवर चमचा दोनदा वाजवला, टिंग टिंग, गाडी सोडाची डबल बेल! मास्तरनं खाटेवरून उडी घेतली, थेट हातावर! दोन हात... मंग तीन हात! "उडला रे उडला!" सारी गल्ली गोळा. मी अर्धी दाढी तशीच ठेवून पळालो!

आन् त्या दिवशी गुलाबराव जेवला नाही. वच्छलाबाई म्हने, "काऊन हो?"

"आज तीन हात गेला. उद्या भिंतीपरेंत जाईन..."

मंग शाळेले रोज सुट्टी. आज वारा लय हाये. आज ऊन हाये. आज मास्तरचं मन नाही!

सुट्टीच्या चौथ्या दिवशी, दिवस कलला होता. हा स्टुलावर चढून कपड्याची वलनी बांधून राह्यला, मास्तर खाली आंगनात पायी फिरून राह्यला, आन् भिंतीवर बोका! दबून बसला, शेपूट हालवून राह्यला... गुलाबरावले ना उतरता ये ना काही! खांदा इसरला, दोन्ही हात वर, "उड! उड बे मास्तर! उड!"

आन् तुम्हाले सांगतो... उडला! बोक्याची झडप खाली, मास्तर वर! तुळशीवरून, भिंतीवरून, माह्या घराच्या टिनावरून, लिंबाच्या शेंड्यावर! वच्छलाबाई पिठाच्या हातानं टाळ्या वाजवून राह्यली! तेवढ्यात वरून पोपटायचा थवा आला किलकिलाट करत, आन् आमचा मास्तर गेला त्याच्यात.

"पाह्यलं का? वळन कसं घेतलं! घाटातल्यावानी!" गुलाबराव हासून राह्यला, आन् डोळे वाहून राह्यले. मीच धरून उतरवला त्याले. मले सांगा, असा मानूस शिकवन कसा... पन शिकवलं ना!

सकाळी किलकिलाट झाला म्हनून पाह्यलं, तं लिंबावर बारा पोपट! गुलाबराव बनेनवर बाहीर. "मास्तर!" बाराच्या बारा माना वाकड्या! सारे हिरवे, साऱ्यायची चोच लाल. याले आपला कोनता तेच वळखू येईना!

आता रोज सकाळी बारा मिरच्या ठेवते बिचारा. एखांदी कमी पडली आन् नेमका आपलाच उपाशी राह्यला, तं?