दूध आटतं म्हणे

रडू द्या हो त्याला, मला काही त्रास होत नाही... अहो सॉरी कसलं, तान्हं बाळ रडणार नाही तर काय करणार, आणि इंजेक्शनच्या खोलीबाहेर बसून हसतंय कोण इथे? मी तर म्हणते मनसोक्त रडू द्या, कारण एकदा माणूस मोठं झालं ना की संपलं, आणि त्यातून बाई झाली आणि त्यातून बाळंतीण झाली... म्हणजे तो नाही होणार म्हणा, सुटला बिचारा... पण ही माझी, हिला मी आत्ताच सांगून ठेवलंय की बाई, रडून घे, पुढे कोणी रडू देत नाही. मला विचारा ना! आमच्या घरात सध्या रडायचा हक्क एकीलाच आहे, ही मांडीवर झोपलीय ती. मी नुसतं नाक ओढलं, सर्दीने हो, साध्या सर्दीने, तरी स्वयंपाकघरातून सासूबाई, बाथरूममधून नवरा, दोघं एका सुरात... "रडायचं नाही हं, दूध आटतं!"

दूध आटतं म्हणे.

तुम्हाला सांगते, माझी आई गेली. ही व्हायच्या थोडेच दिवस आधी. अहो नाही, तुम्ही तसा चेहरा करू नका, मला बोलायचंय, तुम्ही चेहरा केलात की मी गप्प बसते... चांगली धडधाकट होती हो. बायकांचे कपडे शिवायची, घरातच, पुढच्या खोलीत मशीन, दाराला पडदा. आणि शिंपी म्हटलं की 'उद्या या' ठरलेलं असतं ना, तशी ती नव्हती. सांगितलेल्या दिवशी कपडा तयार म्हणजे तयार. त्या दिवशीही एका बाईला म्हणाली, उद्या संध्याकाळी घेऊन जा, आणि दुपारी मशीनवर बसल्या बसल्या मान खाली घातली. बाबांना वाटलं सुईत दोरा ओवतेय. ते शेजारी पेपर वाचत होते, म्हणाले, चष्मा देऊ का. आयुष्यात पहिल्यांदा तिने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडला, आणि माझ्या बाबांचा अजून विश्वास बसलेला नाही.

आणि मी तिथे गेले तर मला काय म्हणाले माहितेय? पोटुशी बाई, हिने रडायचं नाही, पोटातल्या बाळाला सगळं कळतं! मागच्या खोलीत खुर्ची दिली, पाठीला उशी, पायाखाली स्टूल, वर पंखा फुल्ल. बाहेर माझी आई ठेवलेली, आणि माझ्यासमोर कोणीतरी काकू बसवल्यात खास पहारा द्यायला, त्या सारख्या म्हणतात, "चांगले विचार कर हं. डोळ्यांसमोर काहीतरी छान आण." आता मला सांगा, आई गेल्यावर माणूस कसले छान विचार करतं? मी तरी केले हो. खिडकीबाहेर एका बाईने वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या, त्यांच्याकडे बघून विचार केला की वा, चादरी काय छान धुतल्यात. मी चादरी बघत बसले आणि आईला नेलं. उठून बाहेर जाईपर्यंत दाराचा पडदा तेवढा हलत होता.

म्हटलं ठीक आहे, बाळ होऊ दे, मग रडू. एवढं कुठे पळून जातंय दुःख? तर बाळ झालं. मी अजून टेबलावर, ही ओरडतेय, डॉक्टर म्हणतायत वा वा आवाज काय खणखणीत, आणि माझ्या तोंडून काय यावं... "आईला सांगा." झालं! नवऱ्याने नर्सकडे बघितलं, नर्सने त्याच्याकडे, आणि माझा चेहरा वाकडा व्हायच्या आत त्या नर्सबाई कानाशी येऊन एकदम लाडात, "आता रडायचं नाही हं ताई, दूध आटतं."

म्हणजे आधी पोटातल्याला कळतं म्हणून नाही, आता दूध आटतं म्हणून नाही. मग नेमकं कधी रडायचं हे कोणी फळ्यावर लिहून ठेवलंय का?

सासूबाई वाईट नाहीत हो. उगाच खोटं कशाला बोलू, माझं सगळं अंथरुणावर आणून देतात, लंगोट धुतात, हिला आंघोळ घालतात तेव्हा ही पण गप्प आणि मी पण गप्प, असा त्यांचा दरारा. पण प्रेम करायची तऱ्हा बघा. मी आईचा फोटो हातात घेतला की फोटो काढून घेतात आणि हातात दुधाचा पेला देतात. सोळा आणे प्रेमाने देतात. पण पेल्याकडे बघून कोणाला आई आठवते का? आणि नवरा... तो मोबाईलवर वाचतो. "अगं यात लिहिलंय, आईने आनंदी राहिलं पाहिजे. राहा ना आनंदी." असं मला, जसं काही मी पंखा आहे, बटण दाबायचं राहून गेलंय.

आणि बाबा! ते रोज येतात. बस चालवायचे ते, आता रिटायर झालेत, पण घरात आले की अजून आधी आरशात बघून मागे कोण आहे ते बघतात. येतात, हिच्याकडे लांबूनच बघतात, मला विचारतात, "बरी आहेस ना?" मी म्हणते, "हो. तुम्ही?" ते म्हणतात, "मशीनला तेल घातलं." रोज हेच. तुम्ही जेवलात का बाबा? मशीनला तेल घातलं. झोप लागली का? मशीनला तेल घातलं. अहो त्या मशीनवर कोणी बसत नाही, एक टाका पडत नाही, आणि त्यात एवढं तेल की उद्या ते आपणहून चालत आमच्याकडे येईल. त्यांच्या शर्टाच्या बाह्यांना तेल, पेपरला तेल, हिच्या दुपट्यालासुद्धा एक डाग पडलाय. सासूबाईंनी तो डाग धुतला नाही, बरं का. मी बघितलंय.

तर ती पिशवी. मुख्य गोष्ट ती आहे, मी भलतीकडेच चाललेय... आईने हिच्यासाठी झबली बेतून ठेवली होती. कापडी पिशवीत, इस्त्री करून, घड्या घालून. पण त्यात एक मेख होती. आईचा धंद्यातला नियम होता, अंगावर घालून बघितल्याशिवाय पक्की शिलाई मारायची नाही. आधी हाताने कच्चा टाका, लांब लांब, पांढऱ्या दोऱ्याने, नुसतं कापड एकत्र धरून ठेवण्यापुरता. मग गिऱ्हाईक यायचं, तिच्या अंगावर ट्रायल, आणि आईच्या ओठांत टाचण्या, त्यामुळे बोलणं सगळं नाकातून, "हंलू नंको... शंवास सोड... इंथे जंरा घेंऊ." मग मशीन, आणि शेवटी तो पांढरा दोरा सगळा उसवून टाकायचा. मी शाळेत होते तेव्हा माझ्या गणवेशाला पण हेच! मी म्हणायचे आई, मी तुझी मुलगी आहे, माप ठाऊक आहे ना तुला. तर म्हणायची, माणूस रोज बदलतं, अंगावर बघू दे.

आणि या बाळाच्या वेळी मी म्हटलं की अगं, एवढीशी झबली, ती तरी शिवून टाक. तर म्हणे, "गिऱ्हाईक अजून आलंय कुठे? येऊ दे त्याला, त्याच्या अंगावर बघते, मग मशीन मारते."

तर ती सगळी झबली कच्ची. मला माहीत होतं. म्हणून मी पिशवीला हात लावत नव्हते. घातलं तर अंगावरच सुटणार, आणि पक्कं करायचं तर तिचे टाके उसवावे लागणार. तिच्या हातचं एवढंच राहिलं होतं हो माझ्याकडे, लांब लांब पांढरा दोरा. तो कोणी उसवायचा? मी? म्हणून पिशवी कपाटात वर ठेवली, आणि ही इकडे रोज वाढतेय. म्हटलं वाढली की होणारच नाहीत, सुटले. असा माझा बेत.

पण नवरा नावाचा प्राणी घरात असतो ना! मामेसासूबाई बाळ बघायला यायच्या होत्या. तुमच्याकडे असेल ना एखादी अशी, बाळ बघायला येते आणि परीक्षा घेऊन जाते. याला वाटलं बायकोला आनंदी ठेवावं. मी आंघोळीला गेलेय, याने पिशवी काढली, हिला मस्त पिवळं झबलं घातलं आणि बाहेर नेऊन दाखवलं. ते पांढरे टाके दिसत होते की नाही तुला, मी नंतर विचारलं. तर म्हणतो, "मला वाटलं डिझाईन आहे."

मी केस पुसत बाहेर येतेय, तर मामेसासूबाईंनी हिला उचललं, असं काखेत धरून, एक बाही ओढून नीट करायला गेल्या... आणि ती अख्खी बाही त्यांच्या हातात! तुम्हाला सांगते, त्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. "हात आला! अगं बाई, पोरीचा हात आला!" सासूबाई स्वयंपाकघरातून डाव घेऊन धावत, नवरा टुणकन उठला, पाणी सांडलं, बाबा कोपऱ्यात उभे, आणि ही? ही मजेत, एक हात उघडा, गोरागोमटा, हलवतेय सगळ्यांना. मग कळलं नुसती बाही आहे. सगळे हसायला लागले. मी पण हसले हो. बऱ्याच दिवसांनी हसले. आणि हसता हसता मामेसासूबाई ती बाही उलटीसुलटी करून बघत म्हणाल्या, "शिवलंय कोणी हे? केवढी कच्ची शिलाई!"

माझ्या आईची शिलाई. कच्ची. अहो, तिने शिवलेले कपडे फाटायचे, पण शिवणीत उसवायचे नाहीत. एक बाई तर म्हणायच्या, तुझ्या आईने शिवलेल्या कपड्याचं कापड जुनं होतं, टाका जुना होत नाही... मी सांगायला गेले. मी अगदी शांतपणे सांगायला गेले की मामी, पक्की शिलाई तिला मारायचीच होती, पण त्याच्या आधी...

आणि ते पुढचं वाक्य काही आलं नाही. रडूच आलं. साधंसुधं नाही हो, त्या चादरीवाल्या खिडकीपासूनचं सगळं, टेबलावरचं, दुधाच्या पेल्यांचं, सगळं एकदम. मी खाली फरशीवर बसले, ओल्या केसांनी, आणि आई आई करून ओरडले, एवढी मोठी बाई. माझं बघून हिने भोकाड पसरलं. सासूबाई डाव टाकून धावल्या, रडू नकोस, रडू नकोस गं, दूध...

आणि दूध आलं.

काय आटतंय! हिच्या रडण्याने आलं म्हणा, माझ्या रडण्याने आलं म्हणा, गाऊन पुढून चिंब, फरशीवर थेंब, थांबेचना. इकडून डोळे, तिकडून हे. सासूबाई वाकल्या होत्या त्या तशाच माझ्याकडे बघत राहिल्या. मग शेजारी फरशीवर बसल्या, हिला माझ्या मांडीवर दिलं, आणि पदराने माझे डोळे नाही पुसले, केस पुसले. एवढंच म्हणाल्या, "रड." मी हिला पाजत पाजत रडले. ही प्यायली पण मजेत, खारट लागलं असेल तर ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा रिक्षातून मशीन घेऊन आले. कोणी सांगितलं नव्हतं. मी ती सुटलेली बाही परत टाचली, झबलं हिच्या अंगावर घातलं, आणि ओठांत टाचण्या धरल्या. तुमची शपथ, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हंलू नंको." ही हलली नाही. बाबा तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. मग मी मशीनवर बसले, शिलाई मारली, आणि कात्री हातात घेऊन थांबले. आता ते टाके. मी बाबांना म्हटलं, राहू देत ना, दिसले तर दिसले. तर ते म्हणाले, "उसव. तिला टोचतील." मग मी एकेक टाका कापत गेले आणि बाबा दोरा ओढून घेत गेले, तुटू न देता. सगळा एका रिकाम्या बॉबिनवर गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. डोळे पुसले. म्हणाले, तेल गेलं डोळ्यात. त्यांना मात्र कोणी म्हणत नाही रडू नका म्हणून. पुरुषाचं काय आटणार आहे? तरी रडत नाहीत.

हेच ते झबलं, हे बघा, हिच्या अंगावर आहे ते. खांद्यात आत्ताच जरा घट्ट होतंय. पण आईने आतून बोटभर माया सोडलीय, अजून एकदा वाढवता येईल. त्यानंतर मात्र नाही.

आता तुम्ही म्हणाल, रडून झालं ना, मग आता बरं असेल. कुठलं हो! एकदा रडून आई संपते का? आणि घरी काय झालंय, सासूबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, "हिला रडू द्या, हिला रडल्यावर दूध येतं." त्यामुळे मला जरा भरून आलं की लगेच हिला आणून मांडीवर ठेवतात, पाठीला उशी लावतात आणि सगळे कौतुकाने समोर बसतात. अशाने रडू येतं का कोणाला?

म्हणून म्हटलं, तुमचा झोपलाच आहे आता... नवरा गाडी लावायला गेलाय, सासूबाई खाली औषधाच्या रांगेत आहेत, आमचा नंबर यायला वेळ आहे. तुम्ही जरा पाच मिनिटं हिला धरता का? नाही नाही, बाथरूमला नाही जायचं. त्या जिन्याजवळ उभी राहते, जरा रडून घेते.