सात नंबरच्या मागे

ताई: पाय कुठे ठेवायचे इथे?

धाकटा: सरळ सोड ना, पुढे जागा आहे. आणि दार हळू ओढ, ताई! कपाटाचं दार नाहीये ते.

ताई: बसले बाबा एकदाची. ॲम्ब्युलन्समधून मी उडी मारून उतरते, इथून उठायला क्रेन लागेल.

धाकटा: चार महिने झाले ही स्पोर्ट्स कार घेऊन, आज बसतेस. तेही तुमच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत. चल, एक चक्कर मारू.

ताई: नको. बारा वाजता साहेबांना एक कागद द्यायचाय. कशी चाललीय गाडी, ते सांग.

धाकटा: खरं सांगू? पहिला महिना नुसती मजा. सिग्नलला पोरं फोटो काढायची. आता काय, प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा, तरी खालून खर्रकन घासतंच. बिल्डिंगच्या उतारावर दोन फळ्या टाकल्याशिवाय आत जात नाही. वॉचमन मला लांबून बघितलं की फळ्या लपवतो, डँबिस! बायकोने तर बसणंच सोडलंय. म्हणते, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मला कुठ्ठे जायचं नाही.

ताई: मग विकून टाक.

धाकटा: काहीतरीच! रस्ता मोकळा मिळाला ना, की सगळं माफ. पण मोकळा रस्ता आहे कुठे? ऑफिसला जाताना पाऊण तास रांगायचं. क्लच दाबून पाय भरून येतो, इंजिन तापतं. दोनदा बोनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभा होतो, येणारा-जाणारा हसत होता.

ताई: मग गर्दीत काय करतोस?

धाकटा: आहे एक युक्ती. तू ओरडशील.

ताई: सांग तर.

धाकटा: ॲम्ब्युलन्स दिसली की तिच्या मागे लागायचं. लोक तिला वाट करून देतात, त्यातच आपलीही निघते. सगळेच करतात गं.

ताई: अंतर किती ठेवतोस?

धाकटा: जवळच राहावं लागतं, नाहीतर मध्ये बाईकवाले घुसतात. पण हिचे ब्रेक काय आहेत माहितीये? जागच्या जागी थांबते.

ताई: परवा सकाळी शाळेसमोर होतास? पावणेदहाला?

धाकटा: असेन. रोजचाच रस्ता आहे. का?

ताई: एक बाई बाबागाडी घेऊन रस्त्यात उतरली.

धाकटा: हां हां, ती ॲम्ब्युलन्स! दुभाजकावरच चढवली की त्याने. कसले ड्रायव्हर ठेवता गं तुम्ही? मी कसाबसा डावीकडून सटकलो.

ताई: त्याने नाही. मी चढवली.

धाकटा: …काय?

ताई: मी होते गाडीवर.

धाकटा: शक्यच नाही. तू असतीस तर मी ओळखलं नसतं?

ताई: माझ्या ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दारावर हातभर मोठा सात लिहिलाय, माहितीये तुला. तू इतका चिकटला होतास की तुला तोसुद्धा दिसला नाही. मला आरशात नुसता तुझा पिवळा टप दिसत होता. आणि तुझं डोकं.

धाकटा: बाळाला काही…?

ताई: नाही. बाईने मागे ओढली बाबागाडी.

धाकटा: आणि आत कोणी होतं?

ताई: मग काय, सायरन वाजवत फिरायला निघाले होते? पेशंट होता. आमची सिस्टर उभी राहून त्याच्या तोंडावर श्वासाची पिशवी दाबत होती. ती आपटली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. पडल्यापडल्या डाव्या हाताने पिशवी दाबत राहिली, हॉस्पिटल येईपर्यंत. पेशंट वाचला तो तिच्यामुळे.

धाकटा: आईशप्पथ, ताई, मला वाटलं काही झालं नाही.

ताई: मी समोरच्या काचेतून बघत होते, थांबतोस का. तू वळलास आणि गेलास.

धाकटा: मग दोन दिवस बोलली का नाहीस? फोन करून चार शिव्या घालायच्या होत्यास!

ताई: दोन दिवस हा कागद घेऊन बसलेय. वाच. ‘वाहन दुभाजकावर चढण्याचे कारण.’ सोळा वर्षं गाडी चालवतेय, आरशाला साधा ओरखडा नाही. कारण दिलं नाही तर चूक माझी. गाडी काढून घेतील माझ्याकडून.

धाकटा: मग लिही ना, बाबागाडी आडवी आली. खरंच आहे की ते!

ताई: साहेब विचारतात, ब्रेक का नाही मारलास? पुरेसं अंतर होतं पुढे.

धाकटा: मागे गाडी होती म्हणून. नंबर दिसला नाही, लिहून टाक.

ताई: नंबर मला पाठ आहे.

धाकटा: ताई, माझं लायसन्स जाईल. केस होईल. सिस्टरच्या हाताचं सगळं मी बघतो, हवं ते करतो, पण नंबर तेवढा…

ताई: पूर्ण ऐक माझं. ब्रेकवर पाय होता. दाबला असता, तर ॲम्ब्युलन्स थांबली असती, सिस्टर थोडी हेलपाटली असती, बस. पण तू खाली गेला असतास. ही गाडी एवढी बुटकी, माझं मागचं बंपर थेट तुझ्या तोंडावर. दुसरं कोणी असतं तर दाबला असता मी. तूच होतास म्हणून नाही दाबला. कळतंय? सिस्टर आत उभी आहे हे माहीत असून मी गाडी फेकली. माझ्या माणसासाठी मी दुसऱ्याचं माणूस आपटलं. आता हे कुठल्या रकान्यात लिहू?

धाकटा: ताई, रडू नकोस ना.

ताई: तुला काय होतंय सांगायला! भीती वाटली रे मला. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

(काचेवर टकटक होते.)

सिस्टर: अगंबाई! अख्ख्या हॉस्पिटलभर शोधतेय तुला, आणि तू इथे राणीसारखी बसलीयेस होय! आणि डोळे का लाल?

ताई: काही नाही, धूळ. हा माझा धाकटा भाऊ.

सिस्टर: हो का! नमस्कार हं. हात जोडता येत नाहीत, हा बघा कसा ओंडका करून ठेवलाय. ताई, मी जबाब देऊन आले. आतून मला काही दिसलं नव्हतं, तरी ठणकावून सांगितलं, ताईची चूक असूच शकत नाही. सही डाव्या हाताने केली, साहेब हसत होते.

ताई: घरी कशी जाणारेस?

सिस्टर: बघते बसबिस. स्कूटर परवापासून इथेच पडलीय.

ताई: ये, इथे बस. हा सोडेल तुला.

धाकटा: ताई…

सिस्टर: ह्या गाडीतून? आणि तू?

ताई: दोनच माणसं मावतात हिच्यात. मी चालले साहेबांकडे.

सिस्टर: अय्या, मुलांना सांगितलं तर खोटं वाटेल त्यांना! बाई गं, केवढी खाली आहे ही. अहो, हा पट्टा एका हाताने नाही लागत. जरा लावून देता?

धाकटा: हो. हात थोडा वर घ्या. असा. दुखला का?

सिस्टर: नाही हो. लागला बघा पट्टा.

धाकटा: ताई! थांब, जाऊ नकोस.

ताई: काय आहे?

धाकटा: नंबर लिही. यांना सोडून मी येतोच साहेबांकडे.

ताई: बघ हं. लिहिला की खोडता येणार नाही.

धाकटा: लिही.

सिस्टर: कसला नंबर हो?