प्रबंधातला डोह

महाड-पाचाड एसटीत येसाजी आणि अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरून परतलेली त्यांची लेक तेजश्री शेजारी-शेजारी बसली होती. मागच्या बाकावर साळवी गुरुजी वर्तमानपत्र उघडून, एक ओळही न वाचता, ऐकत होते.

"मंजे काठाला काय नाय गावलं?"

"फार थोडं, आबा. हिमनग तळ खरवडून काढतात. सगळे म्हणाले, इथं नोंदण्यासारखं काही नाही. मला तुमच्या कुर्ल्या आठवल्या."

"पुरानं काठ धुतला का त्या खाली डोहात गावतात."

"तसंच! कॅमेरा शंभर मीटर खाली सोडला, तर स्पंज, तारामासे, नुसती जत्रा. आणखी खोल गेलं की पुन्हा विरळ. प्रबंधात पहिले आभार तुमचेच मानलेत."

"डोहाचं नाव घातलंस काय?"

"घातलंय की."

"खोड गो ता! तीस वर्सं कुनाला सांगितला नाय मी. सगळं महाड येल कुर्ल्या धरायला."

"खोडते. तुमचं नाव ठेवू ना?"

"ठेव." येसाजींनी टोपीनं डोळे पुसले. "तुला दुसरा डोह बी सांगतो. पन आधी मागलं गुरुजी उतरू देत."