हलणारं टेबल

(दवाखाना. तपासणीच्या खोलीबाहेरचा बाक.)

बायको : आणि आत गेल्यावर बढाया मारायच्या नाहीत. हात दुखतो का विचारलं, तर काय म्हणायचं?

सुतार : कधीकधी.

बायको : रोज!

सुतार : रोज कुठे? परवा दिवसभर दुखला नाही.

बायको : परवा तुम्ही दिवसभर झोपला होतात.

सुतार : अगं, पण डॉक्टरांनी ‘काम जमणार नाही’ लिहिलं की संपलं. कारखान्यात माझ्या जागी दुसरा उभा राहील. पंचवीस वर्षं मी सुतार. उद्या कोण?

बायको : आणि ‘जमेल’ लिहिलं तर भरपाई बुडाली, वर तुम्ही पुन्हा त्याच रंधा मशीनपुढे! या खेपेला तीन बोटांच्या शिरा गेल्या, पुढच्या खेपेला हात द्याल. मला भीती वाटते हो.

सुतार : बोटं आहेत की जागेवर.

बायको : आहेत. जावयासारखी. ऐटीत बसून असतात, कामाचं नाव नाही. काल चहाचा कप कुणी पाडला?

सुतार : कप ओला होता.

बायको : परवाचा?

सुतार : त्याचा कान लहान होता.

बायको : आणि खिशात हे काय? पेचकस? तपासणीला कुणी पेचकस घेऊन येतं?

सुतार : तो नसला की शर्ट एका बाजूला ओढल्यासारखा वाटतो. चल, नंबर आला.

(आतली खोली. डॉक्टरबाई लिहिताहेत, आणि त्या लिहितील तसतसं टेबल हलतंय.)

डॉक्टर : बसा. उजवा हात, आठ महिने झाले. मूठ वळा. पूर्ण.

सुतार : ही काय, वळली.

बायको : मॅडम, त्या मुठीतून मांजर निघून जाईल.

सुतार : काहीही काय! पिल्लू फार तर.

डॉक्टर : रोजची कामं कोण करतं? शर्टाची बटणं?

बायको : मी लावते.

सुतार : ती हौसेनं लावते.

डॉक्टर : बरं. आता मला सांगा...

सुतार : आधी तुम्ही सांगा मॅडम, हे टेबल कधीपासून हलतंय?

डॉक्टर : मी आले तेव्हापासून. तीन वर्षं. दोनदा अर्ज दिलाय.

सुतार : अर्ज कशाला? आतला स्क्रू सैल झालाय. एक मिनिट.

बायको : अहो! अहो, उठा तिथून! गेली, भरपाई गेली!

डॉक्टर : ते टेबलाखाली काय करताहेत? काहीतरी पडलं.

सुतार : पेचकस. घामानं निसटला.

डॉक्टर : परत पडला.

सुतार : दांडा गुळगुळीत झालाय.

डॉक्टर : तिसऱ्यांदा.

बायको : अहो? बसतोय का स्क्रू?

सुतार : दाबच बसत नाही गं. स्क्रू चांगला आहे, पेचकस चांगला आहे. हातच ऐकत नाही.

बायको : सरका जरा. मॅडम, पाय वर घ्या.

डॉक्टर : तुम्हीसुद्धा?

सुतार : उलटा फिरवतेस. उजवीकडे. सरळ धर. खांद्याचा जोर लाव. हं... अजून अर्धा फेरा. बास! लाकूड चिरेल.

बायको : घरी कधी हत्याराला हात लावू दिला नाहीत, आणि इथे शिकवताय.

सुतार : घरी तेव्हा करायला मी होतो.

डॉक्टर : बाहेर या दोघंही. बसा. स्क्रू कुणी आवळला?

सुतार : हिनं.

डॉक्टर : तुम्ही?

सुतार : सांगितलं.

डॉक्टर : मग मला ‘सुतारकामावर परत जाता येणार नाही’ असंच लिहावं लागेल. लिहू?

बायको : अहो, मॅडम विचारताहेत.

सुतार : टेबलावर कोपर टेकवून बघा, मॅडम. हलतंय?

डॉक्टर : नाही. अजिबात नाही.

सुतार : मग लिहा. आता अक्षर चांगलं येईल.