वरपर्यंत सोर्स

आरमोरीत मी पोरायले वेबपेज शिकवून राह्यलो होतो ना, तेव्हाचं सांगतो. वर्गात म्हटलं, "पानाचा सोर्स उघडता आला, की पाहिजे ते बदलता येते."

दुसऱ्याच दिवशी वर्गातल्या शबानाचे अब्बा कोंबडा घेऊन वर्गात हजर! तिकडं लांब मुलचेऱ्याले सरकारी कारकून होते.

"सर, पोरगी म्हणते तुमच्याजवळ सोर्स हाय. तेवढा लावा अन् माही बदली आरमोरीले करून द्या."

मी काही बोलाच्या आत शबानानं बदल्यांच्या यादीचं पान उघडलं अन् सोर्समधी अब्बांच्या नावापुढचं मुलचेरा खोडून आरमोरी लिहिलं. अब्बांचे डोळेच भरून आले.

म्हटलं, "भाऊ, हे फक्त याच कॉम्प्युटरवर दिसते."

त्यायनं कोंबडा परत काखेत मारला.

"मंजे तुमचा सोर्स इथल्या इथीच. वरपर्यंत नाई!"